उंटरबेखच्या तेहतीस बायका

मागच्या बैठकीत मतदार यादीचा विषय निघाला, तेव्हा आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "आपलंच असं, परदेशातल्या बायकांना हे सगळं कधीच मिळालं असेल." म्हणून आज एका गावाची गोष्ट सांगते.

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या उतारावर, बाराशे मीटरहून जास्त उंचीवर उंटरबेख नावाचं गाव आहे. वस्ती चारशेच्या आसपास. लाकडी घरं, कुरणं, गाई. जुन्या वळणाचं कॅथलिक गाव. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनी मत दिलं. तिथे १९५७ उजाडलं तरी देशाच्या मतदानात बाई नव्हती.

त्या वर्षी एक प्रस्ताव आला : नागरी संरक्षणाची सेवा बायकांनाही सक्तीची करायची. आणि त्यावर मत कोण देणार? फक्त पुरुष! उंटरबेखच्या ग्रामपरिषदेला हे पटेना. ओझं जिच्या डोक्यावर येणार, तिला विचारायला नको? मतदार यादी करणं गावाचं काम, मग यादीत बायकांची नावं घालायला कुणाची आडकाठी? पेटर फॉन रोटेन नावाच्या वकिलाने हा कायद्याचा मुद्दा लावून धरला होता. वरच्या सरकारांनी ही मतं धरणार नाही असं बजावलं. गाव हटलं नाही.

२ मार्चच्या संध्याकाळी गावच्या प्रमुखाची बायको कातारीना त्सेनहॉयझर्न हिने पहिलं मत टाकलं. दोन दिवसांत ८४ पैकी ३३ जणी आल्या. बाकीच्या का आल्या नसतील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. लहान गावात कोण कुठे गेलं ते सगळ्यांना दिसतं. म्हणूनच मला तेहतीस हा आकडा मोठा वाटतो.

बायकांच्या मतांची पेटी वेगळी होती. ती मतं मोजणीत धरलीच नाहीत. प्रस्ताव मात्र पुरुषांनीच फेटाळला.

दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, बायकांना मताधिकार द्यावा का असं देशभरातल्या पुरुषांना विचारलं. तिघांतल्या दोघांनी नको म्हटलं. होकार मिळाला तो ७ फेब्रुवारी १९७१ ला. एका प्रांतात तर स्थानिक मतदानासाठी बायकांना १९९० पर्यंत थांबावं लागलं, तेही कोर्टाच्या निकालाने.

स्विस लोक आपल्या देशाची पहिली शपथ र्‍युटली नावाच्या कुरणावर घेतली गेली असं मानतात. उंटरबेखला आज 'स्विस बायकांचं र्‍युटली' म्हणतात.