ग्रे अँड व्हाइट हॉल आणि आमची आजी

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या खात्यावर आणि बाकीच्या माझ्या. विषय ऐकून रूममेट हसली, "सिव्हिलची मुलगी, आणि पडदे-भिंतींवर लिहिणार?" पण जरा ऐका तरी.

गेल्या दिवाळीआधी नाशिकच्या घरी हॉलला रंग द्यायचं ठरलं. आमच्याकडे हॉल म्हणजे नुसती पाहुण्यांची खोली नव्हे. सकाळी तिथे बाबांचा पेपर, संध्याकाळी आईची शिकवणी आणि रात्री दिवाणावर आजी झोपते. गेली बारा वर्षं भिंतींना पिस्ता रंग होता. मी हॉस्टेलमधून फोनवरच जाहीर केलं, "यंदा ग्रे अँड व्हाइट!" मोबाइलवर तसे शेकडो हॉल बघून झाले होते. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर होणार, तूच ठरव." आजी म्हणाली, "राखेचा रंग? तोही सणासुदीला?" तिचं मत मी हिशेबातच धरलं नाही.

सुट्टी लागल्यावर दुकानात जाऊन शेडकार्डवरून एक मऊसा राखाडी निवडला. दोन हात मारून झाले, संध्याकाळी ट्यूब लावली, आणि आई म्हणाली, "अगं, हा निळा कधी घेतलास?" भिंती खरोखर निळ्या दिसत होत्या! पेंटरकाका शांतपणे म्हणाले, "ताई, डब्यावरचा नंबर बघा." नंबर बरोबर होता. मग चुकलं कुठे? उरलेली सुट्टी मी तेच शोधण्यात घालवली.

आधी पांढऱ्याबद्दल. रंगाच्या डब्यातला पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.७ आणि त्याला धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा सुमारे १.५. या मोठ्या फरकामुळे प्रकाश आत न जाता चहूकडे विखुरतो आणि खालची भिंत झाकली जाते. चुन्याचं तसं नाही. वाळलेला चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अपवर्तनांक सुमारे १.६. तो पांढरा दिसतो, कारण त्याच्या कणांमध्ये हवा असते आणि हवेचा अपवर्तनांक १. पावसाळ्यात त्याच जागी पाणी शिरतं, पाण्याचा १.३३. फरक कमी झाला की विखुरणंही कमी होतं. म्हणून चुन्याच्या भिंतीवर ओल आली की डाग काळपट दिसतो आणि वाळला की पुन्हा पांढरा.

आजीच्या गावच्या घरी चुन्यात थोडी नीळ घालायचे. चुन्याला पिवळसर झाक असते, ती निळीने मारली जाते. गंमत म्हणजे त्यामुळे भिंत आधीपेक्षा कमी प्रकाश परत फेकते, म्हणजे किंचित राखाडीच होते, पण डोळ्यांना जास्त पांढरी वाटते. म्हणजे पांढऱ्यात राखाडी मिसळायची युक्ती आजीला माझ्या आधीपासून ठाऊक होती.

आता आमचा आरोपी, राखाडी. पांढऱ्यात नुसता काळा मिसळला की बहुधा निळसर राखाडी तयार होतो. तो उबदार करायचा तर त्यात थोडी पिवळी माती किंवा तपकिरी घालावा लागतो. राखाडीला स्वतःचा असा ठळक रंग नसल्यामुळे प्रकाशाची झाक त्यात लगेच उघडी पडते. लाल भिंत निळसर उजेडातही लालच वाटते, राखाडी मात्र लगेच पक्ष बदलतो. दुकानात पिवळे दिवे होते. आमच्या हॉलची खिडकी उत्तरेला. तिथून थेट ऊन जवळजवळ येतच नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. वरून ट्यूब 'कूल डेलाइट', म्हणजे ६५०० केल्विनची. पिवळसर बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. थोडक्यात, मी रंग एका उजेडात निवडला आणि लावला दुसऱ्याच उजेडात.

शेजाऱ्यांचाही परिणाम होतो बरं का! पॅरिसच्या गोबेलँ या विणकाम कारखान्यात शेव्हरोल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर कळलं की दोष धाग्यात नसून त्याच्या बाजूच्या रंगात आहे. १८३९ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. राखाडी पिवळ्याशेजारी निळसर दिसतो आणि लालशेजारी हिरवट. आमच्या दिवाणावरची सोलापुरी चादर होती लालभडक, त्यामुळे तिच्या मागची भिंत वेगळीच दिसायची. मी काय केलं? चादरच काढून टाकली आणि राखाडी घातली. उरलेल्या ऑइल पेंटने आजीचं लाकडी स्टूलही राखाडी केलं. आमची फरशी शहाबादी, तीही करडी. फोटो एकदम झकास आला.

त्याच संध्याकाळी आजी स्टुलाला अडखळली. पडली नाही, पण नडगीला चांगलंच लागलं. मला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती हॉलमधून भिंतीला हात लावून चालायला लागली. ज्या खोलीत ती बारा वर्षं दिवा न लावता रात्री उठून पाणी प्यायची, त्या खोलीत! ते बघून मला जेवण गेलं नाही.

कारण शोधलं तर तेही आकड्यांतच सापडलं. पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परत फेकतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. (डोळ्यांना अर्धवट वाटणारा मधला राखाडी ५० चा नसतो, जेमतेम १८ चा असतो.) ब्रिटनच्या बीएस ८३०० या मानकात एकमेकांलगतच्या पृष्ठभागांमध्ये साधारण ३० गुणांचा फरक असावा असं सुचवलं आहे, म्हणजे नजर अधू असलेल्यांनाही कडा कळते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आत प्रकाश कमी पोचतो आणि आधी हरवतात ते हे बारीक फरक. मी भिंत, दिवाण, स्टूल, फरशी सगळं एकाच गुणांत आणून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांना ते मॅचिंग होतं. आजीच्या दृष्टीने मी सगळ्या वस्तू पुसून टाकल्या होत्या.

मग मी आणि बाबांनी दोन दिवस रोलर फिरवला. तीन भिंती किंचित पिवळसर झाक असलेल्या पांढऱ्या केल्या. राखाडी ठेवला फक्त खिडकीसमोरच्या भिंतीवर, जिथे उजेड भरपूर पडतो. ट्यूब काढून ३००० केल्विनची लावली. स्टूल पांढरं केलं आणि लाल चादर पुन्हा दिवाणावर आली. हॉल अजूनही ग्रे अँड व्हाइटच आहे, पण आता कोणती वस्तू कुठे संपते ते कळतं.

धनत्रयोदशीला आजी दारात रांगोळी काढत होती, करड्या शहाबादीवर पांढरीशुभ्र. मी म्हटलं, "आजी, हेच तर ग्रे अँड व्हाइट!" वर न बघता म्हणाली, "मग आधी सांगायचं ना तसं. मला वाटलं, सगळंच राखेचं करतेस."

आता हॉस्टेलकरांसाठी थोडक्यात. आपल्या खोल्या आधीच ग्रे अँड व्हाइट आहेत: लोखंडी कपाट, मोझॅकची फरशी, पांढरं डिस्टेंपर. त्या उदास वाटतात त्या रंगामुळे कमी आणि निळ्या ट्यूबमुळे जास्त. टेबलावर एक पिवळसर दिवा आणि खाटेवर घरची गोधडी, बस्स! आणि घरी कधी रंग काढायचा झालाच तर शेडकार्डवर विश्वास ठेवू नका. दोन फुटी पुठ्ठ्यावर नमुना लावा, त्याच भिंतीला टेकवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली बघा. मुख्य म्हणजे त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ जो बसतो, त्याला आधी विचारा. वर्षातून दोनदा जाणाऱ्याचं मत शेवटी.

परवा फोनवर आजीला विचारलं, "हॉल कसा वाटतो गं आता?" म्हणाली, "बरा आहे. स्टूल दिसतं."

एवढ्या मार्कांत मी पास!