पोटातली कळ प्रत्येकाची वेगळी

इचलकरंजीत मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याच्या पोटात मुरडा आला, तर तो मेडिकलमधून एक गोळी घेतो आणि पुन्हा मागापाशी उभा राहतो. शौचातून रक्त दिसले तरी ‘मूळव्याध असेल, उष्णता असेल’ म्हणत महिने निघून जातात. त्यामागे कधी कधी अल्सरेटिव्ह कोलायटिस असतो. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात.

या आजाराचे दुखणे सर्वांना सारखे नसते. सूज फक्त गुदाशयात असेल तर पोट फारसे दुखत नाही. सारखी घाई होते, कुंथावे लागते आणि जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. सूज वर सरकली की बहुधा डाव्या कुशीत मुरडा येतो आणि शौचाला झाल्यावर थोडा उतरतो. संपूर्ण आतडे सुजले तर पोटभर कळा, ताप, अशक्तपणा. काहींना मात्र रक्त भरपूर जाते आणि दुखत जवळजवळ नाही. उलट, जखमा भरल्यावरही काहींचे पोट दुखत राहते, कारण आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात.

म्हणूनच ‘फलाण्याला हाच आजार आहे, तो तर कामावर जातो’ हे घरातले बोलणे रुग्णाला फार लागते, आणि ते खरेही नसते. दुखण्यावरून आजार मोजता येत नाही. त्यासाठी दुर्बिणीची तपासणी लागते. कोल्हापूर किंवा मिरजेला जावे लागले तरी ती टाळू नका.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी आजार पुन्हा उसळू शकतो. पोट फुगून ताठ झाले, सतत दुखू लागले, ताप चढला, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. स्टेरॉइड चालू असेल तर अशा वेळीही दुखणे कमी जाणवू शकते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

राहिला रोज्याचा प्रश्न. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे. आजार उसळलेला असताना, अंगातले पाणी आणि रक्त जात असताना, हट्ट नको. आजार शांत असेल तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारशी जुळवता येतात का, ते पाहावे.