ठिणगीमागचा कारभार

आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठ संपून एस. टी. स्थानकाचा रस्ता सुरू होतो तेथे, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी दरवाजे करून देणारे एक दुकान आहे. आणि त्या दुकानाच्या दाराशी, चाकांवर बसवलेले असूनही दोन गड्यांखेरीज जागचे न हलणारे वेल्डिंगचे एक अवजड यंत्र मी लहानपणापासून पाहत आलो होतो. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा ते अडगळीत पडले होते, आणि त्याच्या जागी, खांद्याला पट्ट्याने अडकवून तिसऱ्या मजल्यावर नेता येईल असा, सात-आठ किलोंचा एक डबा आला होता. त्याच्या हलकेपणाचे कौतुक दुकानात जो तो करीत होता. मला मात्र त्याहून नवलाची वाटते ती गोष्ट अशी, की ज्या युक्तीने हे यंत्र हलके झाले, त्याच युक्तीने ते जाणतेही झाले.

जुन्या यंत्राचा सारा भार त्याच्या रोहित्रात होता. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. परंतु १० नंबरची, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाडीची, कांडी जाळायची तर दाब वीस-पंचवीस व्होल्टच पुरतो आणि प्रवाह मात्र शंभर-सव्वाशे अँपिअर लागतो. हा पालट लोखंडी गाभ्यातील चुंबकत्वाच्या द्वारे होतो. वीज सेकंदाला ५० वेळाच आवर्तन करीत असल्यामुळे प्रत्येक खेपेस पुष्कळ ऊर्जा पलीकडे पोचवावी लागते, आणि तितके चुंबकत्व पेलण्यास गाभाही तितकाच थोर लागतो. मोट आणि रहाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगणे नलगे: मोटेला बैलजोडी, भक्कम नाडा आणि थोरली चामडी पिशवी लागते, कारण खेपा थोड्या; रहाटाची गाडगी लहानशी असूनही पाणी तितकेच येते, कारण ती एकामागून एक अखंड येत राहतात.

तो नवा डबा, म्हणजे इन्व्हर्टर यंत्र, हा विजेचा रहाट होय. आत शिरताच २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह डायोडांच्या पुलावरून जाऊन एकदिश होतो व मोठ्या कपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्टच्या दाबाने साठतो. तेथून त्याला अर्धवाहक स्विचांच्या जोड्या सेकंदाला हजारो वेळा, समजा ४० हजार वेळा, उलटसुलट तोडून-जोडून नव्याने प्रत्यावर्ती करतात. मग फेराइटच्या गाभ्याचे, तळहातावर मावणारे रोहित्र त्याचा दाब उतरवते, आणि शेवटी जलद डायोड व एक चोक त्याला पुन्हा सरळ व संथ करून कांडी धरणाऱ्या होल्डरपर्यंत पोचवतात. हे स्विच काही यंत्रांत मॉसफेट जातीचे, तर काहींत आयजीबीटी जातीचे असतात. त्यांपैकी आयजीबीटीच्या निर्मितीचे श्रेय ज्या बी. जयंत बालिगा यांना दिले जाते, ते मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९८०च्या सुमारास त्यांनी हे काम केले, आणि २०२४ साली त्यांना फिनलंडचे मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मिळाले.

परंतु नुसत्या तोडजोडीने वेल्डिंग होत नाही. कांडीचे टोक आणि पत्रा यांमधील अंतर कारागिराच्या श्वासागणिक बदलते. ते वाढले की प्रवाह ढळू पाहतो, वितळलेला थेंब दोहोंना टेकला की प्रवाह उसळी घेतो. येथून नियंत्रक सर्किटाचा अंमल सुरू होतो. दर्शनी भागावरील जी गोल कळ फिरवून कारागीर ११० अँपिअर ठरवतो, तिच्यातून ते ११० अँपिअर कधीच वाहत नाहीत. ती फक्त काही व्होल्टचा एक लहानसा इशारा, एक फर्मान, आत धाडते. दुसऱ्या बाजूने, बाहेर जाणाऱ्या प्रवाहाच्या वाटेवर शंट नावाची, अत्यल्प रोध असलेली धातूची पट्टी बसवलेली असते. तिच्या दोन टोकांत पूर्ण प्रवाहालाही उणापुरा पाऊणशे मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि तेवढ्यावरून प्रत्यक्ष वसूल किती झाला याची खबर दप्तरी येते. फर्मान आणि खबर यांत जी तफावत निघेल ती एका करवतीदाती लहरीशी ताडून पाहिली जाते आणि त्यावरून पुढच्या ठोक्याला स्विच किती वेळ चालू ठेवायचा हे ठरते. प्रवाह कमी पडत असेल तर ठोका रुंद, जास्त होत असेल तर अरुंद. अनेक यंत्रांत हे सारे काम एसजी ३५२५ नावाची, सोळा पायांची, नखाएवढी चिप करते.

आता वेगाचा हिशेब पाहावा. सेकंदाला ४० हजार ठोके म्हणजे दर २५ मायक्रोसेकंदांनी प्रवाह सुधारण्याची एक संधी. थेंब टेकून सुटेपर्यंत जे काही मिलिसेकंद जातात, त्यांतील प्रत्येकात अशा ४० संधी येतात. जुन्या यंत्राला, इच्छा असती तरी, इतक्या चपळाईने हस्तक्षेप करणे शक्यच नव्हते. ज्या वेगाने गाभा लहान झाला तोच वेग हुकूमतीलाही उपयोगी पडला, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

या वेगाला एक धोकाही जडलेला आहे. स्विचांच्या जोडीतील वरचा आणि खालचा एकाच क्षणी चालू झाले, तर ३२५ व्होल्टची दोन टोके परस्परांना थेट भिडून दोघांचाही तत्क्षणी नाश होतो; म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्यापूर्वी एक-दोन मायक्रोसेकंदांची मोकळी जागा कटाक्षाने राखलेली असते. शिवाय नियंत्रकाची नाजूक बाजू आणि मुख्य विजेची बाजू यांची गाठ पडू नये म्हणून हुकूम तारेने सरळ न जाता चिमुकल्या रोहित्रातून किंवा प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो. अंग तापले तर पिवळा दिवा लावून काम थांबवणे, दाब फार उतरला तर स्विचांना चालूच न होऊ देणे, हा बंदोबस्तही याच दप्तराकडे आहे.

कारागिराला मात्र जाणवतात त्या तीन सवलती. आर्क, म्हणजे कांडी व पत्रा यांमधला विजेचा झोत, पेटताना क्षणभर जादा प्रवाह मिळतो. आर्क आखूड होऊन थेंब अडू लागला की प्रवाह थोडा वाढून तो सुटतो. आणि इतके करूनही कांडी चिकटलीच, तर प्रवाह जवळजवळ नाहीसा केला जातो व ती लाल न होता हलक्या झटक्याने निघून येते. पूर्वी हे शिकायला उमेदवाराची दोन-दोन वर्षे जात, आणि त्या हाताच्या शिक्षणाविषयी मला नितांत आदर आहे. तरीही पहिल्याच दिवशी चिकटलेल्या कांडीशी झटणारा पोरगा मी पाहिलेला असल्यामुळे, ही सवलत कोणीतरी मनापासून कळवळून दिली आहे असे मला वाटते.

त्याच दुकानातला डबा यंदा पावसाळ्यात बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण काढले तेव्हा पंख्याने ओढून आणलेली ग्राइंडरची काळी लोखंडी भुकटी सर्व भागांवर साचलेली दिसली, आणि दमट हवेत तिनेच एका स्विचाच्या पायांमध्ये वाट काढली होती. त्याने प्रथम, वीज तोडून बराच वेळ झाला असूनही, कपॅसिटरच्या टोकांना दिव्याच्या तारा लावल्या. दिवा क्षणभर लागला, तेव्हाच त्याने आत हात घातला. भुकटी ब्रशने झाडून, जळालेली जोडी बदलून, त्याने यंत्र लगेच विजेला न लावता मध्ये १०० वॅटचा बल्ब जोडला: आत अजून काही भिडलेले असेल तर बल्ब पेटून राहील आणि नवे स्विच वाचतील. कळ दाबली. कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब उजळला, मग मंदावत विझला, आणि आतून रिलेचा टक असा आवाज आला. त्याने बल्ब काढला, होल्डरला १० नंबरची कांडी लावली आणि चेहऱ्यापुढे काळी काच धरली.