सणाची कमिटी

वसईत पापडी नाक्यावर बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक आहे. बाहेरून आलेल्याला ती इतर कुठल्याही सहकारी बँकेसारखीच दिसेल. पण तिचा पाया ६ फेब्रुवारी १९१८ रोजी एका धर्मगुरूने घातला. मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस हे त्यांचे नाव. वसईचा बागायतदार तेव्हा सावकाराच्या वहीत अडकलेला होता. पानमळा असो की केळीची बाग, पीक हाती येण्याआधीच त्याच्या पैशाला वाटा फुटलेल्या असत. मोनिस यांनी रविवारच्या प्रवचनात सावकारीला चार शब्द सुनावून विषय संपवला असता, तरी त्यांना कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी पतपेढी काढली.

या पतपेढीच्या कल्पनेमागे एक जर्मन खेडे आहे. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन नावाच्या गावप्रमुखाने १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची कर्जसंस्था सुरू केली. संस्थेचे कार्यक्षेत्र शक्यतो एका पॅरिशपुरते, म्हणजे एका चर्चच्या हद्दीपुरते ठेवावे, असा त्याचा आग्रह होता. कारण साधे होते. कोण कष्टाळू आहे, कोण दारूत पैसे उडवतो, कुणाची म्हैस मेली म्हणून हप्ता चुकला आणि कोण मुद्दाम चुकवतो, हे त्या हद्दीत सगळ्यांना ठाऊक असते. तारण जमिनीचे नव्हते, ओळखीचे होते. मद्रास इलाख्याच्या फ्रेडरिक निकल्सनने १८९५ ते १८९७ या काळात दिलेल्या अहवालात याच रायफायझनच्या पद्धतीचा पुरस्कार केला. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा ग्रामीण संस्थेतल्या सभासदांनी एकमेकांच्या कर्जाला अमर्याद जबाबदार राहायचे, हेही त्यात आले.

शेजाऱ्याच्या कर्जाला आपण जबाबदार राहायचे, तर शेजाऱ्याची पारख हवी आणि चार जणांनी मिळून पैसा हाताळायची सवय हवी. वसईच्या गावांत ही सवय कुठून आली? माझा तर्क असा, की ती सणातून आली. चर्चच्या सणाची जी कमिटी दर वर्षी बसते, तिच्यातून.

वसईकर ख्रिस्ती माणूस पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतो. निर्मळ, नंदाखाल, आगाशी, गिरीज, भुईगाव, गास अशी ही गावे विरार-वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला आहेत. इथे सामवेदी कुपारी आहेत, ईस्ट इंडियन आहेत, किनाऱ्यावर कोळी आहेत. घरात बोली वेगवेगळ्या, पण देवळात मराठी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला २२ मे १९९८ रोजी. त्याआधी ही सगळी गावे मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती.

त्याही मागे गेले तर १५३४चा तह, त्यानंतर दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेली वसई. हा इतिहास पाठ्यपुस्तकात किल्ल्यापाशी थांबतो. किल्ल्यातली भव्य चर्चे ओस पडली, गोऱ्या साधूंचे मठ गेले, पण खेड्यांतली उपासना थांबली नाही. मागे राजाश्रय नाही, डोक्यावर श्रीमंत मठ नाही. छप्पर गळले तर ते गावानेच शाकारायचे. वसईच्या धर्मग्रामांना स्वतःचा कारभार स्वतः पाहायची सवय लागली त्यात या पोरकेपणाचा वाटा मोठा असावा.

आता सणाकडे येऊ. प्रत्येक चर्च कुणा संताच्या, मातेच्या किंवा गूढाच्या नावाचे असते आणि त्या नावाचा दिवस हा गावाचा सण. नंदाखालचे चर्च पवित्र आत्म्याच्या नावाचे आहे. त्याचा दिवस ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेन्टेकॉस्ट, म्हणजे मे-जूनची वेळ. उन्हाने तापलेले आवार आणि कधीही कोसळू शकणारा पाऊस, दोन्ही गृहीत धरून मंडप घालावा लागतो.

सणाआधी नऊ दिवसांचा नोव्हेना असतो. बाहेरच्याला नोव्हेना म्हणजे नऊ संध्याकाळची प्रार्थना वाटेल. आतून पाहिले तर ते नऊ दिवसांचे कामवाटप आहे. एक संध्याकाळ एका आळीची, दुसरी दुसऱ्या आळीची. एक दिवस आजाऱ्यांसाठी, एक शेतकऱ्यांसाठी, एक तरुणांसाठी, एक लग्नाला पंचवीस-पन्नास वर्षे झालेल्या जोडप्यांसाठी. ज्या आळीची पाळी, तिने वाचक द्यायचे, गायकवृंद उभा करायचा, फुले आणायची, मिस्सेनंतर चहा-बिस्किटांचे पाहायचे. फुलांची अडचण नसते. मोगरा आणि सोनचाफा ज्या गावातून पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातो, तिथे वेदीवर फुले कमी पडली तर ती आळीची नाचक्की. काल पलीकडच्या आळीचा गायकवृंद किती सुरेल होता याची चर्चा पाहुण्या धर्मगुरूंच्या प्रवचनापेक्षा जास्त रंगते. मला यात काही वावगे वाटत नाही. भक्तीला थोडी चुरस लागली की लोक तालमीला वेळेवर येतात.

सणाच्या मुख्य दिवशी बँड, मिरवणूक, आवाराबाहेर खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने आणि घरोघरी पाहुणे. लुगडी नेसलेल्या, अंगभर दागिने ल्यालेल्या कुपारी आज्या अजून दिसतात, दर वर्षी थोड्या कमी. हे सगळे डोळ्यांना दिसते. न दिसणारे काम कमिटीचे. वर्गणी किती ठरवायची, ज्याला देणे जमणार नाही त्याच्याकडे जायचे की नाही, मंडपवाल्याला आगाऊ किती, पोलीस परवानगीला कोण जाणार, दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवायला लावणारा वाईटपणा कुणी घ्यायचा आणि शेवटी हिशेब. सण झाल्यावर जमा-खर्च लोकांपुढे ठेवावाच लागतो, कारण पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा पावतीपुस्तक घेऊन जायचे असते. विशीतला मुलगा या कमिटीत आधी खुर्च्या उचलतो, मग पावत्या फाडतो, चाळिशीत खजिनदार होतो. पतपेढीला, शाळेच्या व्यवस्थापनाला, ग्रामपंचायतीला लागणारी माणसे अशीच तयार झाली.

चर्चचा कायदाही थोडाफार हेच सांगतो. १९८३च्या कॅनन कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे (कलम ५३७). धर्मग्राम परिषदेचे मात्र तसे नाही. बिशपांना योग्य वाटले तर ती नेमायची आणि तिचे मत सल्ल्यापुरते (कलम ५३६). शेवटचा शब्द प्रमुख धर्मगुरूंचा. वाचताना हे एकतर्फी वाटते. प्रत्यक्षात पारडे वेगळेच झुकते, कारण फादर काही वर्षांनी बदलून जातात आणि खजिनदार तिथेच राहतो. नव्या फादरांना विहिरीची मोटर कुणी बसवली, दफनभूमीची भिंत कुणाच्या वाडीला लागून आहे, गेल्या सणाला कोणत्या दोन आळ्यांचे बिनसले होते, हे सांगणारा तोच. फादर शहाणे असतील तर पहिले वर्ष ऐकण्यात घालवतात.

आवाराबाहेरही धर्मग्राम पसरलेले असते. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती गावांत चव्हाट्यावर, आळीच्या तोंडाशी क्रूस असतात. मुंबईकडचे काही क्रूस १८९६च्या प्लेगनंतर नवसाने उभारलेले आहेत. मे महिन्यात या क्रूसांपाशी संध्याकाळी जपमाळ आणि लदीन, म्हणजे आळवणीची प्रार्थना, होते, मग उकडलेले चणे वाटतात. धर्मगुरू तिथे असलेच पाहिजेत असे नाही. आळीतली एखादी म्हातारी सुरुवात करते, बाकीचे साथ देतात. त्याच मे महिन्यात ईस्ट इंडियन घरांत वर्षाचा बॉटल मसाला होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणायला विहिरीवर जातात. विहिरीची पूजा आणि ख्रिस्ती विवाह शेजारी शेजारी नांदतात आणि त्याचे स्पष्टीकरण कुणी मागत नाही. निर्मळ गावात पवित्र क्रूसाचे चर्च आहे, विमलेश्वराचे देऊळही आहे. कार्तिकात तिथे मोठी जत्रा भरते.

डिसेंबरात तरुण पोरे नाताळगोठा उभा करण्यात रात्री जागवतात. गवत, माती, बांबू, हल्ली थर्माकोल आणि मोटरवर फिरणारी पवनचक्कीसुद्धा. बेथलेहेमच्या गोठ्यामागे वसईची केळीची बाग दिसते, त्यात मला फार गोडी वाटते.

धर्मग्रामाच्या या सार्वजनिक जीवनाला छापील शब्दाची जोड ‘सुवार्ता’ मासिकाने दिली. ते १९५५ साली सुरू झाले. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्याचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांचा जन्म नंदाखालचाच, १९४२चा. धार्मिक मासिकात पाणी, झाडे, बिल्डर, राजकीय गुंडगिरी यांवर लेख यायला लागले, तेव्हा काही वाचकांच्या भुवया उंचावल्या असणार. वसई-विरारच्या विकासाचे नियोजन १९९०मध्ये सिडकोकडे गेले. हिरव्या पट्ट्यात बांधकामांना वाट मिळाली आणि गावांतल्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि दिब्रिटो तिचा चेहरा झाले. मोर्चाला माणसे आली, त्यांना रांगेत चालायची सवय होती. घोषणा फक्त नव्या होत्या. हिंदू शेजारीही त्यात होते, कारण पाणी दोघांच्या विहिरीतले जात होते.

याच दिब्रिटोंना त्यांच्या ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. मराठी साहित्याने चर्चच्या आवारातून आलेल्या माणसाला हा मान पहिल्यांदा दिला, तोवर फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ला चारशे वर्षे उलटून गेली होती. ते १६१६चे.

हे सगळे वाचून दूर सातपुड्यातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या वाचकाला वाटेल, वसईचे आम्हाला काय? त्या जिल्ह्यातल्या कॅथलिक वस्त्या नाशिक धर्मप्रांतात येतात, जो १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२पासून आहे. सातपुड्यातली चर्चे लहान आहेत, विखुरलेली आहेत, त्यांच्या मागे ना पानमळे ना पापडीची बँक. पण सण चालवण्याची विद्या या डोंगरात चर्चच्या कितीतरी आधीपासून आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहा. छापील पत्रिका नाही, मंडपवाला नाही, आणि मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे बांधलेले बुध्या-बावा दऱ्याखोऱ्यांतून ठरल्या रात्री हजर. त्यांनी नवसाचे नियम आधी दिवसेंदिवस पाळलेले असतात. गावदिवाळी तर प्रत्येक गाव आपापल्या सोयीने ठरवते. ज्या माणसांना हे जमते त्यांना पतपेढी जमणार नाही असे मी म्हणणार नाही. वसईत मोनिस यांनी सणाची सवय आणि कर्जाची गरज एका धाग्यात ओवली. तसे ओवणारा माणूस मिळणे, ही अडचण मात्र खरी आहे.

वसईत सध्या उलट काळजी आहे. २००९ साली महापालिका आली, गावे त्यातून वगळावीत म्हणून मोठे आंदोलन झाले आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. शेती कमी झाली. शिकलेली पोरे आखातात, कॅनडात, जहाजांवर गेली. धर्मग्रामाच्या मराठी शाळांतले वर्ग रोडावले, कारण त्याच शाळांत शिकून मोठे झालेले पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. याबद्दल व्यासपीठावरून हळहळ व्यक्त करणाऱ्यांची नातवंडेही त्यात असतात.

सणाचे रूपही बदलते आहे. पूर्वी आळीतल्या बाया भाकरी थापायच्या, फुगे तळायच्या, पुरुष मोठाली पातेली उतरवायचे. आता केटरर येतो, ताट मोजून पैसे घेतो आणि जेवण चांगले असते. बाया दमत नाहीत, हा त्याचा निव्वळ फायदा आहे आणि त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कधी पातेले न घासलेल्या पुरुषांना नाही. वर्गणी मोबाइलवरून जमा होते, परदेशातला मुलगा एका फटक्यात सगळ्या आळीएवढी रक्कम पाठवतो. त्यामुळे कमिटीला दारोदार जावे लागत नाही. दारोदार न गेल्यामुळे कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कुणाचे काम सुटले आहे, हे कळायचे राहून जाते. मग ते शोधायला संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद वेगळे फिरतात. ही संघटना १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने सुरू केली ती नेमक्या याच कामासाठी, गरजूच्या घरी स्वतः जाऊन बसण्यासाठी. पावतीपुस्तक घेऊन फिरणारा कमिटीवाला हे काम पूर्वी जाता जाता करत असे, आणि त्याला ते काम आहे हे ठाऊकही नसे.