भाकरी तुटते, त्यात शिकणारीचा दोष किती?

आज ज्यांना स्वयंपाक नव्यानं शिकायचाय त्यांच्याशी बोलू या. नवी सूनबाई, दहावी झालेली लेक, आणि हो, घरातला मुलगासुद्धा. विषय एकच घेऊ, ज्वारीची भाकरी. शिकणारीला सगळ्यात जास्त बोलणी इथंच बसतात. थापताना चीर पडली की ‘आईनं काही शिकवलं नाही वाटतं’ हे ठरलेलंच. मग ती पोरगी काटवटीला हात लावायलाच भिते.

आम्ही कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. बघत, करत, चार जणींना विचारत शिकलो. म्हणून सांगतो, भाकरी तुटली की आधी हात बघू नका, पीठ बघा.

गव्हाची कणीक मळली की तिला चिकटा येतो, ती ताणली जाते. ज्वारीत तो चिकटा नसतोच. तिचं पीठ धरून राहतं ते विरीवर. ताज्या दळणाला विरी चांगली असते, पीठ जुनं झालं की ती जाते. मग सुगरणीची भाकरीसुद्धा काठाला फाटते. दळण महिनाभर पुरवायचं आणि बोलणी शिकणारीनं खायची, हा कुठला न्याय? शिकणारी घरात असेल तर आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. बाजरीचं तर त्याहून कमी, कारण तिचं पीठ लवकर कडू होतं.

विरी गेलेलं पीठ टाकून मात्र देऊ नका. त्याला कडकडीत पाणी लागतं. उकळत्या पाण्यानं पिठातलं सत्त्व फुगतं, चिकट होतं आणि पीठ एकमेकाला धरतं. कोकणात तांदळाच्या भाकरीला उकड काढतात ती याचसाठी. पाणी ओतताना चमच्यानं कालवा, हात पोळून घेऊ नका. हाताला सोसेल इतकं निवलं की मळा.

आता माप. ‘अंदाजानं घाल’ हे सांगणं सोपं, पण नव्या माणसाला अंदाज येणार कुठून? कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’त, हे पुस्तक १९७० सालचं, मापं वाटी-चमच्यानं दिली आहेत. घरात वाटी असतेच, म्हणून ते सोपं पडतं. तुम्हीही एक वाटी ठरवून घ्या. एक वाटी पिठाला पाऊण वाटी गरम पाणी घ्या, कमी पडलं तर चमचा-चमचा वाढवा. एवढ्यात दोन भाकरी होतात. सगळं पीठ एकदम भिजवू नका. एका भाकरीपुरतं घ्या आणि तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. गोळा दाबल्यावर काठ फाटला तर थोडं पाणी लावून पुन्हा मळा. शिकणारीची घाई नेमकी इथं होते. थापण्याची कसरत सगळ्यांना दिसते, मळणं कुणी बघत नाही.

पहिले काही दिवस भाकरी तळहाताएवढीच करा. थाळीएवढी थापायची हौस नंतर. खाली कोरडं पीठ भुरभुरा आणि काठाकडून हलक्या हातानं फिरवत थापा.

तव्यावर पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला की तवा तयार. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. ते पाणी सुकत आलं की उलटा. फार वाट पाहिली तर वरचा भाग वाळून तडकतो. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग पहिली बाजू विस्तवाकडे करा. आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा सुटून भाकरी फुगते. काठाला चीर असेल तर वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. पण न फुगलेली भाकरी नीट भाजलेली असली तर पोटाला तितकीच चांगली. तिला नावं ठेवणाऱ्याला पुढची भाकरी थापायला बसवावं.

आणि तुकडे झालेच, तर कांदा, लसूण, मिरचीची फोडणी करून त्यात भाकरी कुस्करा, वरून पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. आमच्याकडे पोरं त्यासाठी मुद्दाम भाकरी उरवायला सांगतात.