संकेतस्थळामागील कोठार : आज्ञावलीतील घटकांची मांडणी आणि शोध

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अमलात आला आणि अनेक दाखल्यांचे व परवानग्यांचे अर्ज संकेतस्थळावरून भरण्याची सोय होत गेली. अर्जदाराला पडद्यावर दिसतात ते चार-सहा रकाने आणि एक बटण. त्यामागे आज्ञावलीच्या शेकडो, क्वचित हजारो फाइली असतात. त्या कशा रचल्या आहेत हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो पूर्णपणे बरोबर नाही. मांडणी बिघडली की तिचा ताप अर्जदाराला आणि खिडकीवरील कर्मचाऱ्याला होतो.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘कऱ्हाड’ या नावातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोड या संकेतप्रणालीत दोन प्रकारे नोंदविता येते : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. परंतु मुद्दाम व्यवस्था केलेली नसेल तर संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द होत. एका अर्जात गावाचे नाव एका रीतीने आणि दुसऱ्या अर्जात दुसऱ्या रीतीने साठविले गेले, तर शोध घेणाऱ्या कर्मचाऱ्यास अर्धीच प्रकरणे दिसतील आणि उरलेली नाहीतच असे तो प्रामाणिकपणे सांगेल. ही दोन रूपे एकरूप करून घेणारा आज्ञावलीचा तुकडा जेमतेम दोन-चार ओळींचा असतो. तो एकदाच लिहून, एकाच ठिकाणी ठेवून, प्रत्येक अर्जाने तेथूनच वापरावयाचा. अशा तुकड्याला ‘पुनर्वापरयोग्य घटक’ म्हणतात. रकमेत लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देणे (१२,३४,५६७), देवनागरी व इंग्रजी अंक दोन्ही स्वीकारणे, जन्मतारखेचा रकाना दाखविणे ही कामेही याच जातीची.

पोलादी कपाटातील फिती

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. वर्गमूळ काढणे, भागाकार करणे, उत्तर छापणे ही कामे प्रत्येक गणितात पुनःपुन्हा लागत. त्यांच्या आज्ञा दर वेळी नव्याने लिहिण्यात चुका होत. म्हणून डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उपआज्ञावल्यांचा संग्रह केला. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली होती. प्रत्येकीची छिद्रांकित कागदी फीत कपाटात ठेवलेली असे आणि विषयवार अक्षरांनी तिचे वर्गीकरण केलेले असे. ज्याला वर्गमूळ हवे त्याने त्या अक्षराचा खण उघडावा, फितीची प्रत काढावी आणि आपल्या फितीत जोडावी. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक उपआज्ञावली काय करते आणि ती कशी वापरावी, याचे तपशील दिलेले होते. संग्रह, वर्गीकरण आणि वर्णन या तिन्ही गोष्टी तेव्हाच एकत्र आल्या होत्या. आजच्या अनेक संकेतस्थळांत यांपैकी पहिलीच तेवढी आढळते, असे खेदाने म्हणावे लागते.

जातीवार की विषयवार

फाइली फोल्डरांत लावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ तयार करावयाचे आहे. पहिल्या रीतीत सर्व बटणे एका फोल्डरात, सर्व तक्ते दुसऱ्यात, सर्व अर्ज तिसऱ्यात. दुसऱ्या रीतीत घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले असे विषयाचे फोल्डर. घरपट्टीला लागणारा तक्ता, अर्ज, पावती, सारे घरपट्टीच्या घरात. पहिली रीत दिसावयास नेटकी आहे आणि लहान कामास पुरते. काम वाढले की मात्र पावतीतील एक शब्द बदलण्यासाठी पाच फोल्डरांतून हिंडावे लागते. आमच्या मते विषयवार रचना अधिक टिकाऊ आहे. कार्यालयातही आपण सर्व अर्ज एका कपाटात आणि सर्व आदेश दुसऱ्या कपाटात ठेवीत नाही. एका प्रकरणाची एकच नस्ती असते.

विषयांच्या जोडीला एक सामायिक कोठार लागतेच. रकमेचे स्वल्पविराम घरपट्टीलाही हवेत आणि पाणीपट्टीलाही. परंतु उद्या कोणाला तरी लागेल या आशेने घटक कोठारात टाकू नये. एका विषयापुरता आहे तोवर तो त्या विषयाच्या घरी राहू द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या विषयाला त्याची खरोखर गरज पडली की मग कोठारात न्यावा. हे पथ्य न पाळल्यास कोठाराची ‘संकीर्ण’ नस्ती होते. ‘संकीर्ण’ म्हणजे काय, हे कोणत्याही कार्यालयातील लिपिकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

नावाचेही तसेच. ‘मदतनीस’, ‘नवा तक्ता २’ अशी नावे शोधणाऱ्यास काहीच सांगत नाहीत. ‘रक्कम लाख-कोटीत दाखवा’ हे नाव लांबट असले तरी शोधणारा नेमके तेच शब्द टंकित करील. शोध लागला नाही की आज्ञावलीकार नवा घटक लिहून मोकळा होतो, आणि एकाच कामाचे दोन घटक नांदू लागतात. मग एकात दुरुस्ती होते. दुसरा तसाच राहतो.

यंत्र घटक कसा शोधते

प्रत्येक फाइलीच्या आरंभी, कोणता घटक कोठून घ्यावयाचा ते लिहिलेले असते. हा पत्ता सापेक्ष असू शकतो : ‘दोन पायऱ्या वर जा, मग शेजारच्या फोल्डरात शिरा’. वेशीपासून तिसरे घर, असे सांगण्यासारखेच हे आहे. सांगणारा स्वतः दुसऱ्या आळीत राहावयास गेला की खूण चुकते. त्यापेक्षा मूळ फोल्डरापासून दिलेला पत्ता बरा. तो गट क्रमांकासारखा असतो. कोठूनही विचारा, जागा तीच.

बाहेरून आणलेल्या घटकांसाठी निराळी पद्धत आहे. ‘नोड’ या प्रचलित प्रणालीत घटकाचे नुसते नाव दिल्यास यंत्र प्रथम चालू फोल्डरातील ठरावीक कोठारात पाहते, तेथे नसल्यास वरच्या फोल्डरातील, मग त्याहून वरच्या. म्हणजे ग्रामपंचायतीत न मिळाल्यास पंचायत समितीत आणि तेथेही न मिळाल्यास जिल्हा परिषदेत. जेथे प्रथम सापडेल तेथे शोध थांबतो. त्यामुळे एकाच घटकाच्या दोन आवृत्त्या एकाच संकेतस्थळात निरनिराळ्या पातळ्यांवर राहू शकतात आणि वरवर पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

११ ओळी आणि ३३,००० तास

बाहेरच्या घटकांवर किती भार टाकला जातो, याची जाणीव २२ मार्च २०१६ रोजी झाली. ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या लेखकाने ‘एनपीएम’ या सार्वजनिक कोठारातून काढून घेतला. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम. तेवढ्याने जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. घटक काही तासांत पुन्हा बसविण्यात आला आणि पुढे असे घटक काढून घेण्यावर निर्बंध आले.

याहून गंभीर प्रसंग डिसेंबर २०२१ मधील. ‘लॉगफोरजे’ हा जावा भाषेतील, घडामोडींची नोंद ठेवणारा घटक. त्यात असा दोष आढळला की, विशिष्ट मजकूर पाठवून परका मनुष्य दूरच्या संगणकावर आपल्या आज्ञा चालवू शकत होता. तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्यास १० पैकी १० गुण देण्यात आले. सुधारित आवृत्ती लवकरच उपलब्ध झाली. खरी अडचण निराळीच होती : आपल्याकडे हा घटक नेमका कोठे कोठे आहे, हेच अनेक संस्थांना सांगता येईना. तो दुसऱ्या घटकाच्या पोटात, आणि तो तिसऱ्याच्या पोटात दडलेला असे. अमेरिकेतील सायबर सुरक्षा आढावा मंडळाच्या जुलै २०२२ च्या अहवालानुसार तेथील एका केंद्रीय खात्याचे या कामी ३३,००० तास खर्ची पडले. सदोष प्रती आणखी दशकभर, कदाचित त्याहूनही अधिक काळ, आढळत राहतील असेही त्या मंडळाने नमूद केले आहे.

यातूनच आज्ञावलीच्या घटकसूचीचा आग्रह वाढला. कोणता घटक, कोणती आवृत्ती, कोणाकडून आलेला, याची यंत्राला वाचता येईल अशी यादी म्हणजे घटकसूची. आपल्या देशात ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये यासंबंधी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शाळेची जडवस्तू नोंदवही ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

नोंदवहीत काय असावे

बाहेरून आणलेल्या घटकांची सूची यंत्रानेच तयार करून घेता येते. स्वतः लिहिलेल्या घटकांची नोंद मात्र माणसाने लिहावयाची असते, आणि तीच बहुधा राहून जाते. ब्रिटिश शासनाने २०१८ साली खुली केलेली ‘गव्ह-यूके’ची रचनाप्रणाली या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे प्रत्येक घटकास स्वतंत्र पान आहे. तो कसा दिसतो, केव्हा वापरावा आणि केव्हा वापरू नये, हे त्या पानावर दिलेले असते. जन्मतारखेसारख्या पाठ असलेल्या तारखेसाठी तेथे दिवस, महिना व वर्ष असे तीन साधे रकाने आहेत.

संकेतस्थळाचे काम बाहेरील संस्थेस देणाऱ्या अधिकाऱ्याने हस्तांतरणाच्या वेळी मूळ आज्ञावलीबरोबर घटकसूची, घटकांची वर्णनपाने आणि प्रत्येक घटक कोठे कोठे वापरला आहे याची यादी मागून घ्यावी. ही अट करारातच असलेली बरी. देयक अदा झाल्यावर कागद मिळविणे किती कठीण असते, हे सांगावयास नको.

कोठे वापरला आहे ही यादी आणखी एका कामी येते. ज्या घटकापुढे एकही जागा उरलेली नाही, तो निर्लेखित करता येतो. मात्र त्यापूर्वी घटकाचे नाव पडताळणीच्या आज्ञावलीत आणि मजकुराच्या फाइलींतही शोधावे, कारण काही घटक फाइलीच्या आरंभी नोंद न होता चालू कामात नावानिशी बोलाविले जातात. शोध रिकामा आला की घटक काढून टाकावा. ‘गिट’सारख्या आवृत्ती-नोंद प्रणालीत त्याची जुनी प्रत तारखेसह शिल्लक राहते, आणि गरज पडल्यास परत आणता येते.