गव्हाशिवाय फुलणारे गोळे

पीठ पाण्याला लागलं की घड्याळ सुरू होतं. मळायचं, पातळ लाटायचं, फुगू नये म्हणून भोकं पाडायची आणि रसरशीत तापलेल्या भट्टीत सरकवायचं. मळलेलं पीठ नुसतं पडून राहिलं आणि 18 मिनिटं उलटली, की ते आंबायला लागलं असं ज्यू धर्मशास्त्र धरतं, आणि वल्हांडणाच्या सणात आंबलेल्या पिठाचा कणही घरात चालत नाही. इजिप्तमधून घाईघाईत निघालेल्या पूर्वजांना भाकरी फुगेपर्यंत थांबता आलं नाही, त्याची ही आठवण. त्या कोरड्या, कुरकुरीत, बेखमीर भाकरीला मात्झा म्हणतात.

आता गंमत बघा. पाणी आणि पीठ यांची भेट मिनिटं मोजून उरकायची, आणि मग तीच मात्झा कुटून, तिचा रवाळ चुरा अंड्यांत कालवून, कोंबडीच्या रश्श्यात शिजवायची! पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरांमध्ये सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, म्हणजे सेदरला, या गोळ्यांशिवाय शोभा नाही. त्यांना क्नेडलाख म्हणतात. चार अंडी, वाटीभर मात्झाचा चुरा, पाव वाटी कोंबडीची वितळवलेली चरबी, तेवढंच सूप, मीठ, मिरी. लोणी चालत नाही, कारण मांस आणि दूध एकत्र करायचं नाही. गोळे हलके होऊन तरंगावेत की दडस होऊन तळाशी बसावेत, यावर घराघरांत वाद आहेत, आणि प्रत्येकाच्या मते आपल्याच आजीचे खरे.

पण पंगतीतल्या एखाद्याला सिलिअ‍ॅक रोग असला तर? या रोगात गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. लहान मुलांच्या या जुन्या दुखण्याचा गव्हाशी संबंध आहे हे विलेम डिके या डच डॉक्टरांनी दाखवलं. त्यांचा प्रबंध 1950 सालचा. औषध एकच, आणि तेही नकारात्मक: गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन नसावं, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. चिमूटभर मात्झाचा चुरासुद्धा ती मर्यादा सहज ओलांडतो.

मग तांदळाची मात्झा करावी, असं कोणीही म्हणेल. तिथेच शास्त्र आडवं येतं. मात्झा करायची तर ती आंबू शकणाऱ्या धान्याचीच हवी. ज्याला आंबताच येत नाही, त्याला आंबू दिलं नाही म्हणून कसलं पुण्य? अशी धान्यं पाच: गहू, जव, स्पेल्ट नावाचा गव्हाचा जुना भाऊबंद, राय आणि ओट. तांदळाचं काय, यावर प्राचीन रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांमध्ये, वाद झाला. योहानान बेन नूरी तांदळाला धान्यांच्या पंक्तीत बसवायला निघाले होते. बाकीच्यांनी ते मानलं नाही. तालमुद या त्यांच्या धर्मग्रंथातलं कारण असं, की भिजवलेला गहू आंबतो, भिजवलेला तांदूळ नुसता नासतो.

हे वाचून मी थबकलो. सूक्ष्मजीव ठाऊक नाहीत, प्रथिनं ठाऊक नाहीत, आणि तरी या माणसांनी भिजलेल्या पिठाकडे बघून धान्यांची दोन कुळं पाडली. गव्हाची कणीक पाण्याखाली धूत राहिलं की पांढरा स्टार्च वाहून जातो आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, हे बोलोन्याच्या याकोपो बेकारी यांनी लिहिलं ते अठराव्या शतकात. तेच ग्लूटेन. आंबताना सुटणारा वायू या चिवट जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. तांदळात हे जाळं नाही. वायू येतो तसा निघून जातो. इथे मराठी वाचक विचारणार, मग आमची आंबोळी? तिची सगळी करामत उडदाची. त्याची बुळबुळीत चिकटी बुडबुडे धरून ठेवते, म्हणून तांदळाला जाळी पडते.

रब्बींची यादी आणि आजच्या डॉक्टरांची यादी शेजारी ठेवली तर दोन्ही जवळजवळ तंतोतंत जुळतात. त्याहून अजब म्हणजे दोन्ही डळमळतात त्याही एकाच दाण्यापाशी, ओटपाशी. प्राचीन ग्रंथातलं ते धान्य ओटच का, अशी शंका वनस्पतींचे अभ्यासक यहूदा फेलिक्स यांनी घेतली. डॉक्टर म्हणतात, गव्हाच्या संसर्गापासून जपलेले ओट बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांना चालतात, काहींना नाही. या फटीतूनच वाट निघाली. आज ग्लूटेनमुक्त ओटांची मात्झा मिळते. चवीला ती यथातथाच, किंमत सणसणीत. पण सेदरच्या रात्री मात्झा खाण्याचं कर्तव्य तिने पार पडतं.

गोळ्यांवर मात्र असं कोणतंही कर्तव्य लादलेलं नाही. ते निव्वळ जिभेसाठी आहेत, म्हणून त्यांत काय घालायचं याची मोकळीक आहे. आणि मूळ गोळ्यात ग्लूटेन करतं तरी काय, हे तपासलं तर आश्चर्य वाटतं: फारसं काहीच नाही. मात्झा भाजताना ते उष्णतेने घट्ट होऊन बसलेलं असतं, त्याला पुन्हा ताण येत नाही. गोळा बांधून ठेवतं ते अंडं. चुऱ्याचं काम ओल शोषून फुगायचं, म्हणून तर मिश्रण तासभर थंड जागी मुरवतात. थोडक्यात, ग्लूटेनला पर्याय शोधायचाच नाही. शोधायचं ते ओल धरणारं आणि अंड्याला भर देणारं काहीतरी.

ते आधीच शोधून ठेवलेलं होतं, आणि तेही भलत्याच कारणासाठी. हसिदी या कर्मठ ज्यू पंथाच्या अनेक घरांत भाजलेली मात्झासुद्धा ओली करत नाहीत. न जाणो, एखादा पिठाचा कण कोरडाच राहिला असेल आणि सूप लागताच तो आंबू लागेल! या भीतीने त्यांनी सणाचे सात दिवस क्नेडलाख सोडले. इस्राएलबाहेर सण आठ दिवसांचा असतो. शेवटच्या दिवशी ही बंदी उठते आणि मग मात्झा मनसोक्त भिजवली जाते. पण सात दिवस सूपमध्ये काय घालायचं? या घरांतल्या बायकांनी उकडलेले बटाटे, अंडी आणि बटाट्याचा स्टार्च यांचे गोळे वळले. सिलिअ‍ॅकचं कारण कोणाला कळायच्या कितीतरी आधी गव्हाशिवायचा स्वयंपाक असा बसून गेला होता. ग्लूटेन टाळणारी मंडळी आज वल्हांडणाच्या दिवसांत दुकानांत याच पंथासाठी केलेला माल हुडकतात. कर्मठपणाचा इतका निरुपद्रवी आणि इतका उपकारक उपयोग मला दुसरा माहीत नाही.

बटाट्याचा स्टार्च वागतो मात्र वेगळा. थंड पाण्यात तो ढिम्म राहतो. कितीही मुरवा, मिश्रण सैलच. साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला त्याचे कण फुगतात आणि सगळं एकदम धरतं. जास्त झाला तर गोळा रबरी होतो. बदामाचं पीठ याच्या उलट: भर देतं, स्निग्धपणा देतं, पण फुगत नाही आणि चिकटतही नाही. चार अंड्यांना दोन वाट्या बदामाचं पीठ घेऊन गोळे होतात, पण जरा ठिसूळ. त्यात दोन-तीन चमचे स्टार्च घातला की दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. मिश्रण काही तास थंड करायचं, म्हणजे वळता येतं. हात ओले करून लहान गोळे वळावेत. पाणी खळाखळा उकळलं तर ते फुटतात, म्हणून मंद आच आणि वर झाकण.

जगातले सगळेच ज्यू इतके अडलेले नाहीत. तांदूळ आणि कडधान्यं वल्हांडणात न खाण्याचा निर्बंध मध्ययुगीन युरोपातला. पूर्वेकडच्या अनेक ज्यूंनी तो कधी घेतलाच नाही. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी 2015 साली तो आपल्या लोकांसाठी सैल केला. इराणी ज्यूंचा गोंडी हा गोळा तर जन्मजात ग्लूटेनमुक्त: कोंबडीचा खिमा, हरभऱ्याचं पीठ, किसलेला कांदा, हळद, वेलची. तो शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, रश्श्यात पडतो. वल्हांडणात मात्र तिथेही काही घरं हरभरा टाळतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजालाही या सणात तांदूळ वर्ज्य नाही. क्नेडलाख त्यांच्या परंपरेत नाहीत, मात्झा आहे. 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादामध्ये, म्हणजे सेदरच्या रात्री वाचायच्या पोथीत, साड्या नेसून जमिनीवर बसलेल्या बायका मात्झा करताना दिसतात.

आणि स्वयंपाकघरातली एक गोष्ट सांगायची राहिली. बटाट्याच्या स्टार्चचे हे गोळे सूपमध्ये शिजवू नयेत, वेगळ्या पातेल्यात खारट पाण्यात शिजवावेत, कारण स्टार्च सुटून तासन्‌तास आटवलेला नितळ रस्सा गढूळ होतो. त्याच घरात गव्हाचे क्नेडलाखही होणार असतील तर पातेलं, झारा आणि डाव सगळंच वेगळं हवं, आणि बिनगव्हाचे आधी करून झाकून ठेवलेले बरे. रात्रभर थंडीत राहिले तर ते कडक होतात. दुसऱ्या दिवशी गरम रश्श्यात दहा मिनिटं सोडले की पुन्हा मऊ.